वस्तीतून गेलेली रेघ

ग्रामपंचायतीच्या प्रभागांचा नकाशा मी काढला होता आणि मला त्याचा जरा गर्वच होता. तलाठी म्हणून केज तालुक्यातल्या त्या गावात बदली होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. प्रभागाची हद्द रस्ता, ओढा अशी डोळ्यांना दिसणारी असावी आणि एक वस्ती दोन प्रभागांत फुटू नये, असा नियम. उत्तरेच्या वस्तीत गेलो तर डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. विचारायला कुणी दिसलं नाही आणि मीही शोधलं नाही. रस्त्यावरून रेघ ओढली नि मोकळा झालो.

हरकती घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी चावडीत एक बाई आली. पन्नाशीची, उजवा हात प्लास्टरमध्ये. हात मोडला म्हणून वस्तीतली ती एकटी यंदा मागं राहिली होती.

"रस्ता सरकारनं आमच्या मधनं नेला. दोनी अंगाला एकच भावकी हाय," ती म्हणाली. "एका वार्डात व्हतो तवर आमचा एक मेंबर निवडून यायचा. त्यानं नळ आणला. आता अर्धे हिकडं, अर्धे तिकडं. आमाला कोण इचारणार?"

पाचला मुदत संपत होती आणि हरकत लेखीच लागते. चावडीत आम्ही दोघंच. मग माझ्याच नकाशाविरुद्धची हरकत मी माझ्याच हातानं लिहिली. "सही शिकले व्हते मी, आन् आज अंगठा," असं पुटपुटत तिनं डावा अंगठा उमटवला. तिला मोटारसायकलवर बसवून तहसील गाठली आणि कुणी आम्हाला एकत्र बघू नये म्हणून अलीकडच्या कोपऱ्यावरच उतरवलं. चोराच्या मनात चांदणं! बाबूनं शिक्का मारला तेव्हा पाचला चारच मिनिटं कमी होती.

सुनावणीत प्रांतसाहेबांनी तिला विचारलं, "घरं तर बंद आहेत. ही एकच वस्ती कशावरून?"

तिनं कमरेची पिशवी सोडून टेबलावर पालथी केली. किल्ल्याच किल्ल्या. तोडीला जाताना जो मागं राहील त्याच्याकडं सगळी भावकी घराची किल्ली ठेवून जाते.

"ह्या रस्त्याच्या अलीकडल्या, ह्या पलीकडल्या. परक्याजवळ कोण ठिवतंय का, सायेब?"

साहेबांनी दोन्हीकडची एकेक किल्ली हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी हरकतीचा कागद उचलला. "अक्षर कुणाचं?"

"भाचीनं लिवलं," तिनं बेधडक ठोकून दिलं. मी तिची वस्ती फोडली होती आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. ते मात्र मला सोसेना.

"अक्षर माझं आहे, साहेब. नकाशाही माझाच."

रेघ वस्तीमागच्या ओढ्यावर सरकली. मला खुलासा मागणारी नोटीस मिळाली.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "नौकरीला धोका हाय का?"

"नाही."

"मंग कावून रडाय लागलात?"

"मावशी, माझे आईबापबी कोयता घेऊन तोडीलाच जायचे. सहा-सहा महिने आमचं घर असंच बंद असायचं."

तिनं किल्ल्यांची पिशवी पुन्हा कमरेला खोचली.

"मंग तुमाला तर कळाया पायजे व्हतं," ती म्हणाली आणि एसटी स्टँडकडं चालू लागली.