दोन श्वासांची जागा

रोज सकाळी उठल्यावर ताईचं पहिलं काम म्हणजे जगाला घराबाहेर काढणं. स्वयंपाकघराच्या खिडकीत, साखरेच्या बरणीशेजारी एक करडा डबा होता. तोंड धुण्याआधी ती त्याच्या पाठीमागची इंटरनेटची वायर उपसून काढायची, "जा आता, तासाभरानं ये," असं त्या वायरीलाच बजावायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

ताई कवळ्या बनवायची. शहरातल्या दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे तिच्या टेबलावर यायचे, ती मेणात दात बसवायची आणि कुणाकुणाची बोळकी पुन्हा हसती करायची. पण तिला स्वतःला हसताना फार कमी जणांनी पाहिलं होतं. "दात बनवते आणि दातओठ खाते," असं तिचे रेडिओवाले मित्र म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे बोललेलं तिला कळलं तर जास्त महागात पडायचं.

रेडिओचा नाद तिला लागला तो रागातूनच. तिचे वडील शहराच्या पाणीखात्यात होते. डोंगरापलीकडच्या तलावावर रोज पहाटे लोखंडी शिडीनं व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरायचं आणि शहराचं पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. एका सकाळी शिडीवरून पाय घसरला. ते खाली पडले आहेत हे कुणाला कळलंच नाही. लोक दुपारी खात्याच्या कचेरीवर गेले ते पाणी आलं नाही म्हणून भांडायला. भांडून झाल्यावर कुणीतरी विचारलं, की पाणी सोडणारा कुठे आहे. तोवर उशीर झाला होता.

पुढे तीच नोकरी धाकट्या भावाला मिळाली. ताईनं आकांत केला. धाकटा म्हणाला, "ताई, दुसरी नोकरी तू बनवून देतेस का मेणात?" ताईनं नोकरी बनवली नाही, पण एकमेकांशी बोलता येणाऱ्या हौशी रेडिओचा परवाना काढला आणि त्यालाही काढायला लावला. तलावावर मोबाईलची रेंज कधीच नव्हती. डोंगरमाथ्यावर मात्र शहरातल्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचं एक यंत्र होतं. कुठूनही आलेला क्षीण आवाज ते उचलायचं आणि दणदणीत करून पुढे पाठवायचं. खड्ड्यात उतरण्याआधी धाकटा हातातल्या रेडिओवर म्हणायचा, "ताई, उतरतोय." वर आला की म्हणायचा, "आलो." एवढ्या दोन वाक्यांसाठी ती रोजची सकाळ राखून ठेवायची.

खिडकीतल्या डब्यानं डोंगरावरचं ते यंत्र इंटरनेटला जोडलेलं होतं. आवाजाचे आकडे करायचे, ते इंटरनेटवरून एका मोठ्या सामाईक खोलीत सोडायचे. तिथे देशोदेशीचे हौशी लोक गप्पा मारत बसलेले, त्यांचे आवाज त्याच वाटेनं डोंगरावर उतरायचे. म्हातारीकोतारी माणसं घरबसल्या समुद्रापलीकडे बोलायची. ताईलाही त्याचं अप्रूप होतं. मंडळात तो डबा जुळवला होता तिनंच. अडचण एवढीच, की डोंगराला तोंड एक. बाहेरचा कुणी बोलत असला की इथल्याचा रेडिओ बटण दाबूनही बोलू द्यायचा नाही, नुसता 'टुक' करून नकार द्यायचा.

म्हणून या मंडळींचा एक जुना रिवाज होता. एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्यानं लगेच बटण दाबायचं नाही, दोन श्वास थांबायचं. मधल्या जागेत एखादा अडलेला, कमजोर आवाजाचा माणूस 'ब्रेक' म्हणून घुसू शकतो. हा रिवाज ताईनं छडी घेतल्यासारखा पाळायला लावला. कुणी घाई केली की ती सगळ्यांदेखत झाडायची. "अहो, आम्ही काय श्वासही तुम्हाला विचारून घ्यायचा?" एका निवृत्त पोस्टमननं विचारलं होतं. "घ्या की. दोन घ्या," ताई म्हणाली.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ताईचं निम्मं काम त्यांच्याच दवाखान्यातून यायचं. एक दिवस ते साचे देण्याच्या निमित्तानं स्वतः आले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "ताई, तुम्ही रोज सकाळी वायर काढता. नेमकी तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, लोक बोलायला बसलेले असतात. माझ्याकडे विचारणा होते."

"सांगा त्यांना, बाईला पाणी भरायचं असतं."

"थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय? सगळ्या शहराचं भरायचं असतं."

डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, की दवाखान्यातलं इंटरनेट जास्त चांगलं आहे, डबा तिकडे हलवू. सकाळचा तास मी स्वतः बंद ठेवीन, शब्द देतो. ताईनं डब्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या साच्यांकडे. डबा मंडळाचा होता आणि साचे डॉक्टरांचे. तिनं वायर गुंडाळून डबा त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी तिनं मेण इतकं तापवलं की दोन दात त्यात वाहून गेले.

काही महिने डॉक्टरांनी शब्द पाळला. ताईचा हात मात्र रोज सकाळी सवयीनं साखरेच्या बरणीशेजारी जायचा आणि रिकामा परत यायचा.

मग डॉक्टरांनी एक जागतिक मेळावा ठरवला. सकाळी, रेडिओवर, त्या मोठ्या खोलीत. यजमान ते स्वतः. एक दिवसानं काय होतंय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी ताईला सांगितलंही नाही.

त्या सकाळी ताईनं रेडिओ लावला तर कुणी परका माणूस आपल्या नव्या अँटेनाचा खांब कसा उभा केला ते सविस्तर सांगत होता. तो थांबायच्या आत दुसऱ्यानं त्याचं अभिनंदन केलं. दुसरा संपतो न संपतो तोच डॉक्टर, मधाळ आवाजात, "सर्वांचं स्वागत." ताईनं त्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. इकडे तेच डॉक्टर रेडिओवर हवामानाबद्दल बोलत होते.

"मेल्या, हवामान कसलं सांगतोस," ती सेटला म्हणाली. "तास माझा आहे."

चहा उकळून आटला. धाकट्याची उतरायची वेळ होऊन गेली, वर यायचीही होऊन गेली. आणि दोन परक्या आवाजांच्या मधल्या चिरेत तिला ऐकू आलं: "ता". बस, एवढंच. पाण्याच्या गुळण्या केल्यासारखा, फुटलेला आवाज. या जातीच्या रेडिओत सिग्नल क्षीण झाला की आवाज असाच गुळगुळतो, आणि डोंगरापलीकडून येणारा धाकटा एकटाच तसा गुळगुळायचा. लगेच वरून कुणीतरी हसत बोलू लागला.

मोठ्या खोलीत शिरायची दुसरी वाट ताईच्या फोनमधल्या एका ॲपमध्ये होती. तिनं ती उघडली आणि बटणावर अंगठा ठेवून बसली. दात आवळून. आयुष्यभर जगाला दोन श्वास थांबायला शिकवणाऱ्या त्या बाईनं अर्धा श्वासही सोडला नाही. हसणाऱ्याचा शेवटचा शब्द अजून हवेत होता तेव्हाच तिनं बटण दाबलं.

"ब्रेक. ब्रेक. इमर्जन्सी." आणि मग तिला परकी भाषा सुचेना. "तोंडं बंद करा सगळ्यांनी. कुणीही बटणाला हात लावायचा नाही. माझ्या भावाला बोलू द्या."

तिनं बटण सोडलं. लगेच डॉक्टर आले. "हे कोण मध्ये? कृपया शिस्त पाळा, इथे पाहुणे आहेत."

ते थांबताच तिनं पुन्हा दाबलं. "डॉक्टर, बोट काढा बटणावरून."

मग शांतता झाली. किती देशांतली माणसं गप्प बसली होती कोण जाणे. तिचे शब्द त्यातल्या बहुतेकांना कळले नसणार, पण त्यातला राग कळला असणार. त्या शांततेत डोंगरावरून गुळण्यांचा आवाज उतरला.

"ताई. पाय अडकलाय शिडीत. पाणी कमरेला आलंय."

तिनं पाणीखात्याला फोन केला. तिथल्या माणसाला ती काय बोलली ते त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही, पण जीप ताबडतोब निघाली. माणसं पोचेपर्यंत ती धाकट्याला बोलतं ठेवत होती, शिव्या देऊन. "झोपलास तर बघ. बाबांची नोकरी घेतलीस, बाबांचं सगळंच घ्यायला पाहिजे असं नाही." धाकटा वाचला. घोटा मात्र कायमचा वाकडा राहिला.

पुढच्या बैठकीत विषय निघाला तो ताईच्या भाषेचा. आंतरराष्ट्रीय खोलीत अशोभनीय बोलणं झालं, मंडळाची मान खाली गेली, ताईंनी खेद व्यक्त करावा, असं डॉक्टर म्हणाले. पोस्टमन आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"करते की," ताई उभी राहिली. "तोंडं बंद करा म्हणाले, त्याचा खेद आहे. आणखी लवकर म्हणायला हवं होतं."

"ताई, जग आपल्या दारात येतंय आणि तुम्ही दार लावून घेता."

"येऊ दे ना. पाहुणा आला म्हणून घरच्याचं तोंड बांधतात का? तुम्ही शब्द दिला होता. तुम्ही विसरला असता तर मी ओरडून मोकळी झाले असते. तुम्ही विसरला नव्हता, डॉक्टर. तुम्हाला वाटलं, एक दिवसानं काय होतंय."

डॉक्टर म्हणाले, "डबा घेऊन जा." पोस्टमन म्हणाले, "मी पोचवतो." ताई म्हणाली, "माझा डबा मला उचलता येतो," आणि बसमध्ये तो मांडीवर घेऊन घरी आली.

डॉक्टरांकडून साचे येणं बंद झालं. ते तिला ठाऊकच होतं. कितीतरी वर्षांनी डॉक्टरांचेच दात गेले, आणि ते मान खाली घालून तिच्याकडे आले, कारण कवळी टोचली तर काय होतं हे त्यांच्याइतकं कोण जाणणार. ताईनं अशी बेताची कवळी करून दिली की ते जेवताना ती विसरून जात. माफ मात्र तिनं त्यांना केलं नाही. राग तिनं त्या कामाला लागू दिला नाही, एवढंच.

धाकटा निवृत्त होऊन शहरात राहायला आला, खिशात दोन मोबाईल बाळगू लागला. तरी सकाळचा तास तसाच राहिला. वायर निघायची, आधण चढायचं, आणि भाऊबहीण डोंगरावरच्या यंत्रातून बोलायची. ताई गेली त्या दिवशीही. दुपारी ती कामाच्या टेबलाशी डोकं टेकून बसलेली सापडली, समोर कुणाचा तरी खालचा जबडा अर्धा लावलेला. त्याच दिवशी सकाळी धाकटा नव्या व्हॉल्व्हवाल्याची चेष्टा करत होता. एक किस्सा संपवून, हसत, तो लगेच दुसरा सांगू लागला, आणि नेहमीप्रमाणे ताई त्याच्यावर खेकसली,

"थांब जरा. मध्ये कुणी आहे का बघू दे."