मुलीसमोर बसलेला बाप

हिंगणघाटातले माझे शेजारी कापड दुकानदार. बोलण्याआधी दरवेळी घसा खाकरत. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीने बनवलेल्या व्हायरसने एका दवाखान्याचे सगळे कॉम्प्युटर बंद पाडले, तेव्हा पोलिसांना ते म्हणाले, “कॉम्प्युटर मीच घेऊन देल्ला साहेब. शिक्षा मले द्या.”

मुलीला समज देऊन तिला त्यांच्याच हवाली केलं गेलं. त्यांनी कॉम्प्युटर काढून टाकला, दुकान बंद केलं आणि दिवसभर तिच्यासमोर बसू लागले.

काल दुपारी मी गेलो. मुलगी रिकाम्या टेबलावर टाइप केल्यासारखी बोटं चालवत होती. मांडीवर त्यांचीही बोटं तशीच, त्याच वेगाने चालत होती.

“भाऊ, हे काय करून राह्यले?”

त्यांनी खाली पाहिलं. बोटं त्यांना थांबवता येईनात.