पुन्हा येण्याची तयारी

फॉर्ममधला एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, हा आमच्या घराण्याचा कुळधर्म. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काका तर निवृत्त झाल्यावरही सवयीनं कचेरीत. मी दातांची डॉक्टर झाले, यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, तरी ही खोड काही गेली नाही. त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पथदर्शी निधीचा अर्ज करायचं ठरलं, तेव्हा तो भरायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं.

पथदर्शी म्हणजे आधी लहानसं काहीतरी करून दाखवा, जमलं तर पुढचं पाहू. अट एकच होती, दोन वेगळ्या विषयांच्या लोकांनी मिळून काम करायचं. माझा जोडीदार नागपूरला इंजिनिअरिंग शिकवणारा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा खातात, आणि खाता खाता माणसाचं तोंड आखडत जातं, कॅन्सरची ती आधीची पायरी. उभी तीन बोटं जायची तिथं दोन जातात, मग एक. तोंड आखडतं तसा आवाजही बदलत असणार, आणि तो बदल आपल्या कानाच्या आधी संगणकाला कळेल, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला अर्ज पटला.

आवाज गोळा करायला घाटंजीकडच्या एका तांड्यावरची आशाताई मिळाली. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा असतात, त्यातली ही एक. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि बोलताना पदराचं टोक कायम तोंडावर. मला वाटायचं, लाजाळू आहे. आजारी माणसं मी स्वतः तपासून निवडली होती. निरोगी माणसं तिनं टॉर्च घेऊन तपासायची, खूण करायची आणि मोबाइलवर त्यांचा आवाज घ्यायचा. नाव कुठंच नाही, नुसते क्रमांक. आणि एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, हे मी तिला बजावलं होतं.

जोडीदारानं वाचायला एक लांबलचक उतारा पाठवला होता. पहिल्याच दिवशी त्याचा बोऱ्या वाजला. अर्ध्या लोकांना वाचता येईना, उरलेले शाळेत उभं केल्यासारखे अडखळायला लागले.

आशाताई म्हणाली, "मॅडम, हे पुस्तकी कायले पाह्यजे? घरून निघताना जे म्हनते तेच म्हनू द्या ना."

तेच ठरलं. बायका म्हणाल्या, "माय, येते." पुरुष म्हणाले, "माय, येतो." एवढंच. 'मा' म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून जोडीदारही खूश झाला.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता, 'पुन्हा येण्याची तयारी'. सहा महिन्यांनी हीच माणसं परत आवाज द्यायला येतील का, हे निधी देणाऱ्या समितीला हवं होतं. आशाताईनं झाडून सगळ्यांपुढं लिहिलं होतं, 'येतो म्हणाले', 'येते म्हणाली'. मी खूश. एकही नकार नाही, एकही कोरा रकाना नाही. मी अर्जात ठोकून दिलं की सर्व सहभागी पुन्हा यायला तयार आहेत.

अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी जोडीदाराचा फोन आला. संगणकानं आजारी आणि निरोगी आवाज छान वेगळे केले होते, फक्त एक निरोगी आवाज आजाऱ्यांत जाऊन बसला होता. क्रमांक एकेचाळीस.

"परत तपासता का?" त्यानं विचारलं.

"मागं पंखा चालू असेल," मी म्हटलं. "काढून टाका तो."

तक्ता स्वच्छ झाला. मी त्या रात्री शांत झोपले.

तीन महिन्यांनी समितीनं विचारणा केली, दुसऱ्या फेरीला नक्की किती जण येणार? मी आशाताईला फोन लावला. ती म्हणाली, "नऊ नंबर अन् तेवीस नंबर नाई येनार. गेले ते."

"कुठं गेले? तुम्ही तर लिहिलंय येतो म्हणाले."

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "येतोच म्हनाले, मॅडम. तुमीच म्हनायले लावलं ना. निघताना कोनी जातो म्हनते का?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, हे मीही आईचा ओरडा खाऊनच शिकले होते. तरी मी त्या शब्दाचा होकार करून अर्जावर चढवला होता. मला माझीच लाज वाटली.

ती मे महिन्यातली दुपार होती. खोलीत एकटीच होते. नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला आणि नऊ नंबर लावला.

"माय, येतो."

मागं कुठंतरी बकरी ओरडली. आवाज घट्ट होता, घाईतला, बाजाराला निघालेल्या माणसाचा. तो माणूस आता नव्हता आणि 'येतो' म्हणत होता. मला बंद करायचं होतं, पण पुढचा आवाज आपोआप सुरू झाला. येतो. येते. येतो. प्रत्येकाच्या आधी एक श्वास आणि नंतर थोडी शांतता, जणू कोणी चप्पल शोधतंय. ती माणसं निघाली आहेत आणि इकडंच निघाली आहेत, असं मला वाटायला लागलं. दाराकडं पाठ करून बसवेना, म्हणून खुर्ची वळवून घेतली.

तेवढ्यात दार उघडलं. आमचे शिपाईकाका, राजूरच्या कोळसा खाणीजवळच्या वस्तीतले. हातात ट्रे, त्यात पाण्याचे सहा-सात ग्लास. बाहेर व्हरांड्यात त्यांनी खुर्च्यासुद्धा मांडल्या होत्या.

"कोन येऊन राह्यलं, मॅडम?"

"कोणी नाही, काका. रेकॉर्डिंग आहे."

"मघापासून येतो येतो म्हून राह्यले लोकं." त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं. "यायचे नसतीन तं बोलावू नका कोनाले."

ते गेले. खुर्च्या मात्र त्यांनी उचलल्या नाहीत. आणि मागं एकेचाळीस नंबर वाजला. तो फक्त तक्त्यातून काढलेला होता, माझ्या संगणकावर तसाच होता. मी तो कधी ऐकलाच नव्हता.

"मय, येते."

'मा' नव्हतं, 'म' होतं. जबडा अर्ध्यावर अडला होता. पंख्याचा आवाज कुठंच नव्हता. मी तो परत लावला, आणि परत. तिसऱ्या वेळेला आवाज ओळखू आला. मघाशी फोनवर मी याच आवाजाशी बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तांडा गाठला. आशाताई अंगणात वही घेऊन बसली होती. मी टॉर्च काढला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पदर खाली केला. उभी दोन बोटं कशीबशी गेली. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, आणि चट्ट्याच्या कडेपासून जिभेच्या बाजूपर्यंत पसरलेली जखम.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून जळजळ करून राह्यलं. तिखट चालत नाई."

"मग निरोगी म्हणून स्वतःलाच कसं लिहिलंत, ताई?"

"एक मानूस कमी पडत होता ना. तुमीच म्हनल्या, रकाना कोरा ठेवू नका."

मी टॉर्च बंद केला. तीच पुढं म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडात टॉर्च मारता येते, मॅडम. आपल्या तोंडात कोन मारते?"

मग मी तिला सगळं सांगितलं. संगणकानं तुम्हाला तीन महिन्यांपूर्वीच ओळखलं होतं, आणि मी तुम्हाला काढून टाकलं. ती चिडेल असं वाटलं होतं, चिडली असती तर मला बरंच वाटलं असतं. तिनं वही मिटली आणि विचारलं, "मंग अर्ज पास झाला का?"

तपासणीत कॅन्सरच निघाला. तीन महिने आधी कळलं असतं तर किती कमी कापावं लागलं असतं, हे मी नागपूरच्या सर्जनना विचारलं नाही. दातांची डॉक्टर आहे, मला अंदाज होता. ऑपरेशनच्या खोलीत नेताना तिनं स्ट्रेचरवरून मान वळवली आणि म्हणाली, "मॅडम, येते."

जन्मात पहिल्यांदा तो शब्द ऐकून मी घाबरले. बंद दारासमोर उभी राहून नऊ आणि तेवीस नंबर आठवत राहिले.

निधी मंजूर झाला. त्याआधी समितीला मी खरं काय ते लिहून कळवलं होतं, रकाना कसा भरला गेला तेही आणि एकेचाळीसचंही. दुसऱ्या फेरीला बरेच जण आले, काही आले नाहीत. शेवटच्या दिवशी शिपाईकाकांनी व्हरांड्यात एकच खुर्ची मांडली, पाण्याचा ग्लास भरून ठेवला. तिच्यावर जी बाई येऊन बसली तिचा डावा गाल आत गेलेला होता. मी मोबाइल पुढं धरला. ती बोलली तो आवाज मी आधी कधीच ऐकलेला नव्हता. घशातून येणारा, जाड, आणि 'येते'मधला 'त' कुठंतरी गळून पडलेला. डोळे मिटले असते तर मीही तिला ओळखलं नसतं. अंगावर काटा आला, आणि रडूही आलं.

संध्याकाळी जोडीदाराचा फोन आला. "एका आवाजाचा जुना क्रमांक संगणकाला सापडत नाहीये. कोणाशीच जुळत नाही. नवीन सहभागी म्हणून टाकू?"

"नवीन नाही," मी म्हटलं. "एकेचाळीस लिहा. येते म्हणाली होती, आली."