जुन्याच पाटीवर नवा नंबर

कुतुबुद्दीन पेंटरची एक खोड होती. दुकानाचं नाव बदलो, मालक बदलो, पाटी तो कधी नवी करत नसे. जुनीच खरवडायची, अस्तराचा हात मारायचा, नवं नाव लिहायचं आणि त्याच खिळ्यावर पुन्हा टांगायची. सांगलीतल्या कितीतरी पाट्यांवर नव्या रंगाखाली त्याच्याच हातची जुनी नावं होती. तीस वर्षांत त्याचं एक अक्षर चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि याचा त्याला नको तेवढा अभिमान होता.

प्लास्टिकवर छापलेले बोर्ड आले तसं कुंचल्याला कुणी विचारेना. मग या गड्यानं पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि वेबसाइटी करू लागला. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे महाबळेश्वरचा हॉटेलवाला मानसिंग. १९९९च्या एप्रिलात, ऐन हंगामाच्या तोंडावर, मानसिंगचा फोन नंबर बदलला. साइटवरचा नंबर म्हणजे पेंटरनं झोकदार आकड्यांत काढलेलं चित्र. त्यानं नवं चित्र केलं, सवयीनं जुन्याच नावानं पुण्याच्या सर्व्हरवर चढवलं आणि सोमवारीच कळवलं, काम झालं म्हणून. साइट उघडून बघायचं मात्र त्याला सुचलं नाही.

गुरुवारी मानसिंगचा फोन आला. "आवं पेंटर, मुंबईच्या गिऱ्हाइकांना जुनाच नंबर दिसतुया. कामाला हात तरी लावलाय का? खोटं कशाला बोलायचं? उद्यापत्तुर झालं न्हाई तर काम दुसऱ्याला देतो."

कुतुबुद्दीनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं सर्व्हरवरची यादी उघडली. फाइल सोमवारची, नवीच. मग चौकातल्या सायबर कॅफेत साइट बघितली, तर तिथं जुना नंबर ठाण मांडून बसलेला. त्याला काही उमगेना. शेवटी त्यानं सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला.

तिथल्या पायलनं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, आमच्या सर्व्हरपुढं अजून एक मशीन आहे. ते चित्राची प्रत स्वतःकडं ठेवतं आणि महिनाभर तीच दाखवतं. नाव तेच असलं, की आत नवं काही आलंय का हे बघतच नाही. चित्राला नवं नाव द्या आणि पानावरही तेच लिहा. पानाची प्रत ते तासाभरात बदलतं."

म्हणजे खोडच नडली होती. चित्राला नवं नाव देताना त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण तासाभरात कॅफेत नवा नंबर दिसला. त्यानं मानसिंगला फोन करून सगळं समजावलं, काम सोमवारीच झालं होतं हे दोनदा सांगितलं.

"व्हय व्हय, मशीन आडवं आलं," मानसिंग हसला. "दम दिल्याबिगर तुमी हालत न्हाई, एवढं कळलं. फुडचं काम बी तुमालाच."

काम हातचं गेलं नव्हतं, पण पेंटर खोटारडा ठरला तो ठरलाच. त्याला ते फार लागलं.

"सोमवारी तुमी नंबर बदलताना मी बगितलं हुतं की," बायको सुरय्या म्हणाली.

"तुला कोण इचारायला येणार हाय?" तो म्हणाला.