कीबोर्डचा मान

माझी सगळी नोकरी भिवंडीतल्या एका शाळेत गणित शिकवण्यात गेली, आणि ती मी वर्गाच्या पाठीमागे उभी राहून केली. फळ्यावर उदाहरण लिहायचं आणि बाकांमधून चालत शेवटच्या भिंतीशी जाऊन थांबायचं. तोंडावरून पोरं फसवतात. माना डोलावतात, डोळे मोठे करतात. पाठीमागून मात्र सगळं उघडं पडतं. कुणाचं पेन थांबलंय, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतंय, कुणी नुसतंच समासाला रेघा मारतंय. अशा पोराच्या कानाशी वाकून हळूच विचारलं की ते खरं सांगतं. मोठ्याने विचारलं तर ‘समजलं बाई’ हे उत्तर ठरलेलं.

निवृत्त झाले आणि एका ट्रस्टने मला कॅमेऱ्यापुढे बसवलं. ती दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं. दिघाशीच्या बाजूला एका गावात दहावीच्या वर्गाला गणिताचा मास्तर नव्हता. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट गावात पोचलं होतं. मी भिवंडीतल्या खोलीत बोलायचं आणि तिकडे शाळेच्या भिंतीवर माणसापेक्षा मोठी होऊन दिसायचं, अशी ती सोय. माझा आवाज तिकडे लाउडस्पीकरमधून जायचा. तिकडचा आवाज मात्र तुटत तुटत यायचा, म्हणून मुलांनी शंका टाइप करून पाठवायच्या असं ठरलं होतं.

खोलीच्या खाली कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. खिडकीत गादी कोंबली तरी खटखट माइकमध्ये शिरायचीच. खालच्या शेठला विनवायला गेले तर तो म्हणाला, “मॅडम, शिफ्ट चालू है, लूम को चूप कैसे करू?” त्याचंही बरोबर होतं. पहिल्याच आठवड्यात गावाकडून शंका आली, ‘बाई, तिकडे पाऊस पडतोय का?’ बाहेर कडक ऊन होतं. शिवाय आवाज उशिरा पोचायचा. मी विचारायची, “समजलं का?” उत्तर नाही, म्हणून पुढे विचारायची, “कुणाला काही अडलंय का?” आणि तेवढ्यात आधीच्या प्रश्नाचा ‘हो बाई’ एका सुरात येऊन आदळायचा. सुरुवातीला हसू यायचं. पुढे चीड यायला लागली.

गावाने पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. कॉम्प्युटरपुढे बसणं हा तिथे मान होता, आणि तो एका मुलीला मिळाला. ती आदल्या वर्षी गणितात नापास झाली होती. मग काही महिने आईबरोबर दापोड्याच्या गोदामात खोक्यांची लेबलं टाइप करून लावत होती, तिथेच तिचा कॉम्प्युटरवर हात बसला. सगळ्या वर्गात मराठी टाइप करता येणारी ती एकटी. कालपर्यंत ‘नापास झालेली’ म्हणून ओळखली जाणारी पोर एका दिवसात ‘कॉम्प्युटरवाली’ झाली. गणित सुटलं तर तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. आईने या एका वर्षाची मुदत दिली होती. नाही सुटलं तर परत गोदाम, आणि मग कायमचंच.

कॅमेरा तिच्या समोरच असल्यामुळे माझ्या पडद्यावर अर्ध्या जागेत तीच असायची. बाकीचा वर्ग तिच्या खांद्यावरून दिसेल तेवढा. टपोरे डोळे, घट्ट दोन वेण्या, आणि सतत खाली-वर होणारी नजर. शंका भराभर यायच्या, त्याही नेमक्या. ‘मागच्या बाकावर विचारतात, चिन्ह का बदललं?’ ‘वर्तुळाची स्पर्शिका परत सांगा.’ ट्रस्टची माणसं खूश होती. त्यांच्या दृष्टीने जितके मेसेज जास्त तितका वर्ग जिवंत.

माझ्या मात्र एक दिवस लक्षात आलं की या पोरीच्या हातात पेन कधी दिसतच नाही. मी उदाहरण घातलं की सगळ्यांच्या माना वहीत, आणि ही मागे वळून कुणाला काय अडलंय ते ऐकत असे. मग टाइप करत असे. तोवर माझं पुढचं उदाहरण सुरू. जिला गणिताची सर्वांत जास्त गरज, तीच रोज दुसऱ्यांचे निरोप पोचवत होती. पाहुण्यांना वाढता वाढता यजमानीण उपाशी राहते, तसं चाललं होतं.

मी लगेच सांगितलं, कीबोर्डवर पाळीपाळीने बसा. दुसऱ्या दिवशी एक मुलगा बसला. एकेक अक्षर शोधताना त्याला घाम फुटला, पोरं खिदळली, एक शंका यायला अर्धा तास गेला. ट्रस्टमधून फोन आला, “मॅडम, आज रिस्पॉन्स कमी का?” मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. पण खरा घाव गावाकडून आला. मुलीच्या आईने मुख्याध्यापकांच्या फोनवरून विचारलं, “बाई, माज्या पोरीची चुकी काय झाली? उठिवली का तिला? गावात लोक इचारतात.”

मी म्हटलं, “अहो, तिच्या भल्यासाठीच उठवलंय. तिला गणित करायला वेळ मिळावा म्हणून.”

“गनित करंल ती घरी. पन मान गेला तर तोंड कुठं दाखवंल?”

समोर असती तर हात धरून समजावलं असतं. फोनवर काय समजावणार? मी पाळीचा हट्ट सोडला. दोन दिवसांनी मुलगी परत कीबोर्डवर आली. माझ्या पडद्यावर हसून तिने लिहिलं, ‘बाई, आता शंका वेळेवर येतील.’ मला रडू आलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने कॅमेऱ्यासमोरून उठले.

त्या रविवारी मी टमटमने गावात गेले. तिच्या ओटीवर बसले. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “बाई, तुमी एवढ्याशा हाव? भितीवर केवढ्या दिसता.”

“तुझी वही आण. तुला काय अडतं ते सांग,” मी म्हटलं.

ती सांगायला लागली. अमक्याला अपूर्णांक जमत नाहीत, तमकीला पायथागोरस येतो पण बाजू ओळखता येत नाही. वर्गातल्या प्रत्येकाची नाडी तिला ठाऊक होती. इतकी माहिती मला माझ्या हयातभरच्या वर्गांची नव्हती.

“हे झालं त्यांचं. तुझी शंका कुठली?”

ती विचारात पडली. खरंच आठवून बघत होती. मग ओशाळून म्हणाली, “माजी न्हाय बाई कंची. म्हंजे, मना कुठून इचारायचा त्याच ठावं न्हाय.”

तो सबंध दिवस मी तिच्या पाठीमागे बसले. पेन थांबलं की कानाशी वाकून विचारलं. संध्याकाळी तिने एक समीकरण एकटीने सोडवलं आणि पुन्हा पुन्हा ताळा करून बघितला. तिला येत होतं हो. ती मठ्ठ नव्हती. तिला फक्त कुणीतरी तिच्याकडे बघायला हवं होतं. त्यानंतर जमेल त्या रविवारी मी जात राहिले. पण आठवडाभर ती दुसऱ्यांचं पोचवणार आणि रविवारी मी तिचं भरून काढणार, दात कोरून पोट भरतं का कुठे?

निकाल जूनमध्ये इंटरनेटवर लागला. गावात इंटरनेट शाळेतच, म्हणून सगळे तिथे जमले. मी भिवंडीतून पडदा लावून बसले. अर्थातच कीबोर्डवर ती होती. मुलं एकेक करून सीट नंबर सांगत, ती टाइप करी, पान उघडायची वाट बघी, आणि मागे वळून सांगी, “पास.” ज्याचं झालं तो बाहेर पळे. कुणी तिच्या पाठीवर थाप मारी, कुणाच्या आईने तिच्या तोंडात पेढा कोंबला. तिच्या खांद्यामागचा वर्ग हळूहळू रिकामा होत गेला. शेवटी तिच्यामागे नुसते बाक दिसायला लागले.

मग तिने स्वतःचा नंबर घातला. हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण नंबर तिने कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. पान उघडायला वेळ लागला. मी देवाला हात जोडले होते. ती बराच वेळ वाचत राहिली. एवढं काय वाचायचं असतं त्यात?

मग माझ्याकडे मेसेज आला. ‘आपल्या केंद्राचा निकाल चांगला लागला. एक सोडून सगळे पास. बाई, तुमचं अभिनंदन.’

माझ्या तोंडाशी तिचं नाव आलं आणि मी माइकवर हात ठेवला. मी बोलले असते तर लाउडस्पीकर अंगणापर्यंत ओरडला असता. तिथे तिची आई, लेक पास झालीच असं धरून, सगळ्यांबरोबर पेढे वाटत होती; तिचा आवाज मला तुटत तुटत येत होता. भिंतीवर माझ्याकडचं तेवढं दिसायचं, त्यामुळे लिहिलं असतं तर तिथे हातभर अक्षरांत उमटलं असतं, आणि दारातून कुणीही वाचलं असतं. एकट्या मुलीशी हळू बोलायची सोय त्या यंत्रात कुणी केलीच नव्हती. सगळा जन्म मी पोरांच्या कानाशी वाकत आले, आणि जिला खरी गरज होती तिच्यापाशी मला वाकता येईना.

ती पडद्याकडे बघत होती, मीही. बाहेरून कुणीतरी हाक मारली. तिने मागे वळून “आली, आली” म्हटलं, ओढणीने तोंड पुसलं आणि तिकडचं बटण बंद केलं.