अप्पांचं बाथरूम आणि खालचं छत

“आंघोळीला पाणी न्हाई आन् फरशीवर भरून ठेवायचं? येडी झालीस का गं?”

घरमालक अप्पा बाथरूमच्या दारात आडवे उभे. मी, त्यांची नवी कंत्राटदार, आत उघड्या स्लॅबवर. फरशी फोडून झाली होती. तिच्याखालचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांची आणि सिमेंटची भर, भिजून भुसभुशीत झाला होता. तो उपसून आम्ही वॉटरप्रूफिंगचा नवा थर दिला. आता नवा कोबा टाकण्याआधी पॉंडिंग टेस्ट हवी. पाइपचं तोंड बंद करा, पाणी भरा, दोन दिवस खालून छत बघा. बस्स, एवढंच!

पण आमच्या लातुरात नळाची वाट बघत बॅरल राखणाऱ्यांना हे पटवायचं कसं? मागच्या कंत्राटदारानं टेस्ट न करताच टाइल्स बसवल्या. प्रत्येक साइटवर हेच. पाणी वाचवायचं म्हणून टेस्ट नाही, आणि टेस्ट नाही म्हणून पाणी स्लॅबमधून वाहतंय!

खाली शोभाताईंचं शिलाईचं दुकान. अप्पांच्या आंघोळीचं पाणी त्यांच्या मशीनवर. गिऱ्हाइकांचे ब्लाउज डागाळलेले, स्विचला हात लावला की झिणझिण्या. तक्रार केली तर अप्पा म्हणणार, “पुन्हा गळलं तर दुकान खाली करा. रोजची कटकट नको.” चूक वरच्याची, शिक्षा खालचीला!

“अप्पा, गळून जातंय ते पाणी नाही का?” मी विचारलं.

“ते वापरलेलं असतंय.”

मी पाइपच्या तोंडात बूच ठोकायला घेतलं.

तेवढ्यात शोभाताई जिना चढून आल्या. कमरेवर भरलेली घागर. कुणाला काही न विचारता त्यांनी ती स्लॅबवर ओतली.

“माझ्या बॅरलचं हाय. कमी पडलं तर आनखी आणते. डोकं न्हाई धुतलं तर मरत न्हाई मी.”

“अगं थांब! भाडेकरणीचं पाणी घेतलं म्हणून गल्ली थुंकंल माझ्यावर!” अप्पांनी स्वतः टाकीचा व्हॉल्व्ह सोडला.

दुसऱ्या दिवशी छतावर ओला गोल उमटला, बरोबर नाहणीच्या जाळीखाली. पाइपचा जोड सुटा. आमच्याच प्लंबरनं बसवलेला. टेस्ट नसती तर आम्हीही तो टाइल्सखाली गाडून मोकळे झालो असतो.

“बघा, गेलं की नाही पाणी वाया!” अप्पा ओरडले. वाया कसलं? तेच पाणी आम्ही बॅरलमध्ये उपसलं, जोड नीट केला आणि तेच परत भरलं. शेवटी ते फ्लशला वापरलं.

या खेपेला दोन दिवसांनी छत बघायला अप्पाच आधी खाली गेले. “झालं, झालं! टाका कोबा,” म्हणाले.

“तुम्ही नका सांगू,” मी म्हटलं. “ताई सांगतील.”

शोभाताईंनी स्टुलावर चढून छतावर तळहात फिरवला. मग मशीनवरचं प्लास्टिक काढून घडी घातली.

“कोरडं हाय,” म्हणाल्या. मग आम्ही कोबा टाकला.

तेव्हापासून माझा नियम एकच. काम वरच्या मजल्यावर असलं तरी ते पास करायचं खालच्या माणसानं.