कलगोंडाचा किड्यांचा पांजरपोळ

निपाणीत कुणाचं कुणाशी बिनसलंय हे मला घरबसल्या कळतं. कलगोंडाचं किड्यांशी बिनसलं, ते मात्र त्याच्याच घरी चहा पिता पिता कळलं.

कलगोंडा म्हणजे आमचा शेजारी, पाणमोटारींच्या दुकानाचा मालक. पोरगी बंगळूरला नोकरीला गेली, घर रिकामं वाटू लागलं, आणि या गड्यानं हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी मांडली. तीही खाऱ्या पाण्याची! समुद्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. यानं पुडीतलं मीठ बादलीत कालवून तो घरातच केला. आत भोकाभोकांचे दगड, झुलणारं समुद्रफूल आणि नारिंगी माशांची जोडी. दोन वर्षं बाप्या त्या टाकीपुढून उठत नव्हता.

त्या दगडांतूनच किडे आले. बोटाएवढे, गोमेसारखे, अंगभर बारीक केस. दिवसा भोकात, दिवा मालवला की बाहेर. हात घातला की केस बोटात घुसतात आणि खाजकुयलीसारखी आग होते. कलगोंडा गल्ल्यावर बसून चिकटपट्टीनं बोटातले केस उपटायचा आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचा.

बेळगावच्या मासेवाल्यानं उपाय सांगितला, किडे खाणारा मासा सोडा. कलगोंडाची कळी खुलली. पण घर जैनाचं, आणि आई अक्काताई ब्याऐंशीची, जपमाळ हातात.

"मासा आणनार कोण?"

"मी."

"मग मारनार बी तूच. केल्यालं, करविल्यालं, मनात बरं वाटल्यालं, तिन्हीचं पाप एकच."

माशांना खायला घालायच्या गोळ्या कशाच्या बनतात, हे मी तेव्हाच विचारणार होतो. पण चहा यायचा होता.

मग त्यानं प्लास्टिकच्या बाटलीत गोळ्या घालून सापळा केला. रोज सकाळी आठ-दहा किडे सापडायचे. पण टाकायचे कुठं? गोड्या पाण्यात मरतील! म्हणून न्हाणीघरात खाऱ्या पाण्याची बादली ठेवली, तिला हवेचा पंप लावला. एका बादलीच्या तीन झाल्या.

"गाईंचा पांजरपोळ ऐकला होता," मी म्हटलं, "किड्यांचा ह्यो पयलाच."

"हसा, मारुतीआप्पा, हसा! रोज धा काढतोय, रोज ईस दिसत्यात. मासेवाला म्हनतोय, खानं उरलं की किडं वाढत्यात. आवो, मी चिमूटभर घालतोय, त्ये बी सकाळच्याला!"

त्याची बायको मंगल बादल्यांच्या मधनं आंघोळ करून वैतागली होती. तिनं बजावलं, "रविवारपतोर किडं गेलं न्हाईत, तर टाकी जाईल. टेम्पो मीच बोलावतो." कलगोंडाचं तोंड एवढंसं झालं.

आता खरं सांगतो. किडे कशावर पोसतात ते मला महिन्यापूर्वीच ठाऊक होतं. कलगोंडा दुकानात असताना मी सांजेला अक्काताईंशी बोलत बसतो. त्या घरात दिवस बुडाल्यावर कुणी जेवत नाही. म्हातारी रोज दिवस बुडायच्या आधी उठून मूठभर गोळ्या टाकीत सोडायची. "खावा रं बाळांनो, दिस हाय तंवर. रातीला मिळायचं न्हाय." मी बोललो नाही. चांगली रंगलेली गोष्ट मी कशाला मोडू?

शनिवारी कलगोंडा लवकर घरी आला आणि ती मूठ त्यानं पाहिली.

"आई! ह्ये काय?"

"चातुर्मासाचा नेम हाय."

"तुझ्या नेमापायीच किडं वाढत्यात गं!"

"वाढू देत की. जीवच हायत न्हवं?"

त्यानं तणतणत झाकणाला कुलूप घातलं. अक्काताईंनी समोरचं ताट सरकवलं. "ती बाळं उपाशी, मी बी उपाशी." दिवस बुडायला वीस मिनिटं होती, त्यानंतर म्हातारी सकाळपर्यंत घास घेणार नव्हती. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर चढू लागलं तशी मंगलच ओरडली, "झाकण काढा आदी!"

कुलूप निघालं, मूठ पडली, म्हातारी जेवली.

रविवारी टेम्पो दारात आला. अक्काताई खुर्चीतून म्हणाल्या, "टाकी हालायची न्हाय. माझ्या नेमातली हाय." सासूचा नेम मंगल कशी मोडणार? टेम्पो रिकामा परतला.

टाकी वाचली म्हणून अभिनंदन करायला मी गेलो, तर कलगोंडा न्हाणीघरात चौथी बादली भरत होता.

"आप्पा, तुमी रोज सांजंला हितंच बसताय. तुमास्नी दिसलं न्हाय व्हय?"

"मोतीबिंदू हाय रं," मी म्हटलं.

तेव्हापासून त्या घरी मला चहा मिळालेला नाही.